मातीचं बूच

भट्टीचं दार उघडलं आणि बाई बोलता बोलता थांबल्या.

वरच्या फळीवर घोडा उभा होता, मान वळवून, एक खूर उचलून. त्याच्या शेजारी हत्ती. कोपऱ्यात कासव. तिन्ही प्राणी भाजून लालबुंद झालेले, धडधाकट. खालच्या फळीवर कुत्री असायला हवी होती. तिथे ठिकऱ्यांचा ढीग पडला होता.

"वहिनी," बाई मागे न बघता म्हणाल्या, "तुम्ही जरा बसून घ्या."

वहिनी बसल्या नाहीत. त्या पुढे झाल्या आणि ढिगातून त्यांनी एक पिल्लू उचललं. त्याचं डोकं शाबूत होतं, पाठीमागचं काही उरलं नव्हतं.

"हवा राहिली असेल आत," त्यांचा नवरा हळूच म्हणाला. त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं. तुला नेहमी घाई असते गं."

"हवेने काही फुटत नाही," बाई म्हणाल्या. "पाण्याने फुटतं. आत ओल असली की तिची वाफ होते आणि तिला वाट मिळाली नाही तर मग हे असं. पण ही तर खडखडीत वाळली होती! शनिवारी मी गालाला लावून बघितली होती, जराही गार लागली नाही."

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर ही लांबट खोली होती. बाई तिथे मातीचे प्राणी करायला शिकवत. विद्यार्थी चारच, आणि चौघंही केस पिकायला लागलेले. घोडा टेलरताईंचा. त्या बायकांचे कपडे शिवत, आणि सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढायचं हमखास विसरत. हत्ती भाऊंचा. भाऊ एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्डखान्यात होते. लहानपणी चित्रकलेत बक्षिसं मिळवलेला माणूस, वर्गाची जाहिरात त्यांनीच शोधून काढली होती. वहिनी त्यांची बायको. 'एकटा कुठे जाऊ' म्हणून भाऊंनी त्यांना सोबत आणलं होतं.

कासव कवळीकाकांचं. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून त्यांनी अडतीस वर्षं कवळ्या बनवल्या होत्या. त्यांचं कासव बटाट्यासारखं दिसत होतं आणि हे त्यांना ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात मुलांच्या रुग्णालयाची समिती येऊन गेली. फाटकाजवळ एक प्राणी उभा करायचा होता, इथल्याच एखाद्या कामावरून मोठा करून. समितीच्या डॉक्टरीणबाई हत्तीपाशी क्षणभर थांबल्या, "छान आहे" म्हणाल्या. घोड्यापाशी जास्त वेळ थांबल्या. मग कुत्रीपाशी आल्या आणि हलल्याच नाहीत. दमलेली, उभ्याने झोपेला आलेली कुत्री, पोटाखाली तीन पिल्लं लुचताहेत. "भाजून झाली की बघायला येतो," त्या म्हणाल्या. "गुरुवारी."

आज सोमवार होता.

"नोंद बघू या," भाऊ म्हणाले. खिशातली रबरी टोपी सवयीने बोटावर चढवून त्यांनी बाईंच्या रजिस्टरची पानं भराभर उलटली. "हे बघा. शनिवार, चार चाळीस. कुत्री कोरडी. भोक मोकळं."

"कसलं भोक?" टेलरताईंनी विचारलं.

"वाफ जायचं," बाई म्हणाल्या. "पोकळ प्राण्याला ठेवावंच लागतं. वहिनींनी पोटाखाली ठेवलं होतं, दोन पिल्लांच्या मधोमध. मी स्वतः तार घालून बघितली."

तोवर कवळीकाकांनी एक पाटी घेऊन ठिकऱ्या वेचायला सुरुवात केली होती. मोडलेली कवळी आली की ते असंच करत. आधी सगळे तुकडे, मग त्यांची जागा, मग बोलणं. पाठीचे तुकडे एकीकडे. पायांचे एकीकडे. एका बाजूला वाटाण्याएवढ्या फुटक्या गोळ्या आणि त्यांची पूड जमली. ती कुत्रीची नव्हती.

आणि एक छोटा गट्टू. बाटलीच्या बुचासारखा.

काकांनी पोटाचा तुकडा शोधला. त्यात भोकाची जवळजवळ अख्खी कड शाबूत होती. त्यांनी बूच भोकात बसवलं. ते बसलं, पण सैल. दुसऱ्याची कवळी तोंडात घातल्यासारखं डुगडुगत होतं.

"बाई," काका म्हणाले, "वहिनींनीच चुकून भोक बुजवलं असतं, कुत्री ओली असताना, तर?"

"तर दोन्ही बरोबरच वाळली असती. बरोबरच आखडून लहान झाली असती."

"म्हणजे बूच घट्ट बसलं असतं."

बाईंनी बूच भोकात फिरवून पाहिलं. मग सावकाश म्हणाल्या, "कुत्री आधीच वाळून आखडली होती. बूच नंतर लावलं. ओल्या मातीचं. ते एकटंच आखडलं."

"आणि आत ओल्या गोळ्या कोंबून लावलं," काका म्हणाले. "हा अपघात नाही."

बुचाच्या तोंडावर बारीक खळगे होते, ओळीने, टाचणीच्या डोक्याएवढे. ते भाऊंनी पाहिले. मग सगळ्यांनी पाहिले. मग सगळ्यांची नजर एकाच जागी गेली, टेलरताईंच्या बोटातल्या ठिपक्याठिपक्यांच्या अंगुस्तानावर.

"मी कुणाचं नाव घेत नाही," भाऊ म्हणाले.

"नाव घ्यायचं काय शिल्लक ठेवलंत?" टेलरताई कडाडल्या. पिशवी उचलून त्या जिना उतरून गेल्या.

"मला परवापर्यंत वेळ द्या," काका बाईंना म्हणाले. "आणि हे बूच माझ्याकडे राहू द्या."

चार चाळीसला भोक मोकळं होतं. पावणेपाचला गॅसचे सिलिंडर घेऊन टेम्पो आला. बाई खाली गेल्या, दार धरायला वहिनीही गेल्या. पाचला दोघी वर आल्या, बाईंनी कुत्री ती उभी होती त्या फरशीच्या तुकड्यासकट उचलून भट्टीत सरकवली आणि भट्टी पेटवली. पोटाखाली वाकून पुन्हा कोण बघणार? मधल्या पंधरा मिनिटांत वर तिघं होते. टेलरताई, भाऊ आणि स्वतः काका.

मंगळवारी सकाळी काका टेलरताईंच्या दुकानात गेले. मशीन थांबलं नाही.

"शनिवारी तुम्ही फळीपाशी गेला होतात?"

"गेले होते."

"कशाला?"

"बघायला. माझा घोडा चांगला की ती कुत्री चांगली."

"मग?"

मशीन थांबलं. "कुत्री."

"वाईट वाटलं?"

"वाईट? जळले, काका. पायाच्या नखापासून जळले. चार महिने त्या घोड्याच्या मानेवर घालवले मी. आणि ही बया नवऱ्याची पिशवी धरायला म्हणून येते, तिसऱ्या महिन्यात कुत्री करते, आणि ती कुत्री माझ्याकडे बघते!" त्यांनी डोळे पुसले, पदराने नव्हे, हातातल्या अस्तराच्या तुकड्याने. "पण मोडायचीच असती तर माझ्याकडे कात्री आहे. तोंडावर मोडली असती."

"भाऊ तेव्हा कुठे होते?"

"मला काय माहीत? मी त्या कुत्रीवरून नजर काढली आणि टेबलाकडेच गेले. परत वळून बघायची हिंमत नव्हती."

काका स्वतःलाही तेच विचारत होते. आपण काय करत होतो? टेबल पुसत होतो, भिंतीकडे तोंड करून. आणि मनात काय होतं? की एवढी अडतीस वर्षं हाताने काम करून आपल्याला बटाटा जमतो, आणि वहिनींना कुत्री. त्यांना स्वतःची लाज वाटली. पण मनातलं ते दुखणं ओळखीचं झालं, हे बरं झालं; आता ते दुसऱ्यात दिसलं तर कळेल.

दुपारी ते बाईंकडे गेले.

"तुमचंही काम रुग्णालयाने परत पाठवलं होतं म्हणे?"

"कोणी सांगितलं? असो. तीन वर्षं झाली. हरीण होतं."

"वहिनींचं आवडलं त्यांना, तेव्हा काय वाटलं?"

"त्या दिवशी घशाखाली घास उतरला नाही." बाईंनी हातातलं कोरणं खाली ठेवलं. "शिकवणाऱ्याने असं बोलू नये. पण काका, भट्टीत काही फुटलं की बोट भट्टी लावणाऱ्याकडे जातं. मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेईन का?"

"शनिवारचं आणखी काही आठवतं?"

"वैताग आठवतो. दुपारी बारापासून नळाला थेंब नव्हता. फडकी मातीच्या टबातल्या गढूळ पाण्यात बुडवून टेबलं पुसलीत तुम्ही. वर आले तर सगळीकडे चिखल."

काकांना ते आठवलं. बाहीवर अजून डाग होता.

रेकॉर्डखान्यात भाऊंनी त्यांचं हसतमुखाने स्वागत केलं. चहा मागवला. छतापर्यंत कपाटं होती आणि प्रत्येक फाइलीच्या पाठीवर भाऊंचं सुबक अक्षर.

"वहिनी कशा आहेत?"

"रडतेय. मी समजूत घालतोय. स्वतःलाच दोष देते."

"बूच बघूनसुद्धा?"

"मनातून जात नाही हो तिच्या. तशी धांदरटच आहे ती, मी नेहमी सांगतो." भाऊंनी उसासा टाकला. "टेलरताईंनी असं करायला नको होतं."

"त्या पंधरा मिनिटांत तुम्ही कुठे होतात?"

"बेसिनपाशी. हत्यारं धूत होतो."

"काही ऐकलंत?"

"नळ सोडलेला, काय ऐकू येणार?"

काकांनी चहाचा घोट घेतला. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा कारकून जाता जाता म्हणाला, "काय भाऊसाहेब, हत्ती बसला का फाटकात? की वहिनींनी बाजी मारली?" दोन-तीन जण हसले. भाऊही हसले. त्यांचे कान मात्र लाल झाले.

बुधवारी संध्याकाळी काकांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. टेलरताई दाराशीच उभ्या राहिल्या. वहिनी खिडकीपाशी. डोळे सुजलेले, हात मांडीवर निपचित पडलेले.

काकांनी ओल्या मातीचा गोळा टेबलावर ठेवून चपटा केला.

"टेलरताई, अंगुस्तान द्या."

"घ्या. मला कसली भीती!"

काकांनी ते मातीत दाबलं आणि उचललं. सगळे वाकले.

"काय दिसतंय, बाई?"

"ठिपके."

"बोट फिरवा त्यावरून."

बाईंनी बोट फिरवलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "हे तर वर आलेत. पुरळ आल्यासारखे."

"बरोबर. अंगुस्तानाला खळगे असतात, सुई अडकायला. खळग्याचा ठसा उंचवटा. आयुष्यभर मी हेच केलं. हिरडी दाबली की खड्डा, खड्डा भरला की हिरडी. सगळं उलटं." त्यांनी खिशातून बूच काढलं. "आणि या बुचावर काय आहे? खळगे. म्हणजे ज्याने दाबलं, त्याच्या बोटावर उंचवटे होते. टेलरताई, माझ्यासकट आम्ही सगळे तुमच्याकडे बघत राहिलो. चुकलं आमचं."

टेलरताई एक पाऊल आत आल्या.

"बोटावर उंचवटे कुणाच्या असतात?" बाईंनी विचारलं.

वहिनींनी मान वर केली. त्यांची नजर नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशावर गेली आणि तिथेच खिळली.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमची रबरी टोपी द्या."

"हे काय भलतंच?" भाऊ हसायला गेले. "अशा टोप्या दुकानात ढिगाने मिळतात."

"मग द्यायला काय जातं?"

भाऊंनी टोपी टेबलावर टाकली. काकांनी ती बोटावर चढवली. शेंड्यापासून खालपर्यंत रबराचे बारीक दाणे, कागद सरकू नये म्हणून. त्यांनी ती मातीत दाबली. खळगे उमटले, ओळीने. त्यांनी बूच शेजारी ठेवलं.

भाऊ वाकले, आणि त्यांचा आवाज चढला. "बघा! जुळतंय का? बुचावरचे ठिपके लहान आहेत, जवळजवळ आहेत. दुसरीच टोपी आहे ती!"

"जुळलं असतं तर तुम्ही सुटला असता," काका म्हणाले. "बाई, तुमची माती ओली असताना दहा बोटं लांब असेल, तर भाजल्यावर किती उरते?"

"नऊ."

काकांनी पट्टी लावली. ताज्या ठशातली ओळ दहा मिलिमीटर. बुचावरची नऊ.

"आता दुसरी ओळ मोजा. डावीकडून चौथी जागा."

बाईंनी मोजलं. ताज्या ठशात तिथे खळगा नव्हता. बुचावरही नव्हता.

"टोपीचा एक दात पडलाय," काका म्हणाले. "तोंडातला पडो की रबराचा, माझ्या नजरेतून सुटत नाही. आणखी एक, भाऊ. तुम्ही म्हणालात, नळाखाली हत्यारं धूत होतो. शनिवारी बारापासून नळ कोरडा होता. बेसिनपाशी गेला असतात तर तुम्हाला कळलं असतं. तुम्ही टबापाशी गेलात. ओल्या मातीच्या गोळ्या वळल्यात, पिल्लांच्या मधून बोट घालून आत ढकलल्यात, वरून बूच लावलंत. बोटाचा ठसा राहू नये म्हणून टोपी घातलीत. आणि तिनेच ठसा ठेवला."

खालच्या छापखान्यातलं यंत्र चालू होतं. त्याचा ठेका जमिनीतून येत होता.

भाऊ स्टुलावर बसले. "मी आणलं तिला इथे," ते म्हणाले, कुणाकडेही न बघता. "मी. तिला साधी मांजर काढता येत नव्हती. कचेरीत मी सगळ्यांना सांगून बसलो होतो, माझा हत्ती लागणार. आता रोज विचारतात. घरी आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आमच्या सुनेच्या हातात कला आहे. मी समोर बसलेला असतो. बक्षिसं माझी आहेत भिंतीवर."

"मी कधी काही बोलले?" वहिनींनी विचारलं.

"नाही. त्याचंच जास्त लागायचं. तुला काही वाटतच नव्हतं. कुत्री करून तू मला विचारलंस, बरी झालीय का हो? बरी!" त्यांचा आवाज फाटला. "वाटलं, फुटली की तू रडशील. मी समजूत काढीन. पहिल्यासारखं होईल सगळं."

"रडले ना मी. काढलीत ना समजूत." वहिनींचा आवाज शांत होता आणि म्हणून ऐकवत नव्हता. "दोन दिवस मी म्हणत होते, माझ्या हाताला वळण नाही, माझंच काहीतरी चुकलं असणार. तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवत होता. त्याच हाताने."

भाऊंनी हात खिशात घातले.

"टेलरताईंची माफी मागा."

त्यांनी मागितली. टेलरताईंनी मान वळवली.

"आता घरी जा. मी काही दिवस बहिणीकडे राहीन. सासूबाईंना खरं काय ते तुम्ही सांगा. मी सांगणार नाही."

भाऊ उठले. दारापाशी ते थांबले, वहिनी हाक मारतील म्हणून असेल. कुणी हाक मारली नाही. जिन्यावर त्यांची पावलं बराच वेळ वाजत राहिली, एकेक पायरी मोजल्यासारखी.

बाईंनी घसा खाकरला. "उद्या समितीला मी कळवते. म्हणते, अपघात—"

"नको." वहिनी टेबलापाशी आल्या. "मी पुन्हा करते."

"उद्यापर्यंत वाळणार नाही ती."

"ओलीच दाखवते."

त्यांनी टबावरचं झाकण काढलं. पण मातीची लादी एकटीला उचलेना. टेलरताईंनी क्षणभर पाहिलं, मग पिशवी खाली ठेवली, अंगुस्तान काढून कमरेला खोचलं आणि दुसरी बाजू धरली.

"कुत्री नसली तर तुमचाच घोडा लागेल, ताई," वहिनी म्हणाल्या. "मला मदत करून तुम्हाला काय मिळणार?"

"न खेळता जिंकले तर पुढे आयुष्यभर शिवणकाम करताना तेच डोक्यात राहील. धर नीट."

आठ वाजेपर्यंत कुत्री उभी राहिली. पहिलीपेक्षा थोडी वेगळी. मान जास्त खाली, एक पिल्लू बाजूला सरकलेलं.

गुरुवारी समिती आली. डॉक्टरीणबाई ओल्या कुत्रीभोवती दोनदा फिरल्या. घोड्याभोवती तीनदा. मग आपसात बोलून त्यांनी घोडा निवडला. घोड्याच्या पाठीवर मुलं बसू शकतील, असं त्या म्हणाल्या. कुत्री सुंदर आहे, पण आजारी मुलांच्या आयांना ती फार जवळची वाटेल, फाटकातच रडू येईल, असंही म्हणाल्या. टेलरताई नुसत्या घोड्याची मान पुसत राहिल्या, धूळ नसताना.

वहिनी जिन्यात जाऊन बसल्या. थोड्या वेळाने काका शेजारी येऊन टेकले.

"काका, मला तो घोडा आवडत नाही."

"का? चांगला आहे की."

"चांगला आहे म्हणून." त्यांनी छातीवर हात ठेवला. "इथे कसंतरी होतंय. सकाळपर्यंत नव्हतं. यांना हेच होत असेल का हो?"

"हेच. मलाही झालं. तुमच्या कुत्रीमुळे."

वहिनी मग उठल्या आणि सरळ वर गेल्या. टेलरताई अजून घोड्यापाशीच होत्या.

"ताई, अभिनंदन. आणि खरं सांगते, फार जळतेय मी तुमच्यावर."

टेलरताईंनी त्यांना वरून खालपर्यंत न्याहाळलं. "जळ गं. मी महिनाभर जळले तुझ्यावर, मेले का? ते फडकं भिजवून आण आधी. नळाला पाणी आलंय. शेपटी उघडी पडून वाळतेय तुझ्या कुत्रीची, संध्याकाळपर्यंत तडकेल."

वहिनी फडकं घेऊन बेसिनकडे गेल्या.